मेरीलँडचा झेंडा कसा वाचायचा

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याचा झेंडा पहिल्यांदा पाहणाऱ्याला गिचमिड वाटतो. एका खणात पिवळे-काळे उभे पट्टे आणि त्यांच्यावरून तिरपं काहीतरी गेलेलं, शेजारच्या खणात लाल-पांढरा क्रूस, आणि खालच्या ओळीत हेच दोन खण जागा बदलून. पण कित्येक अमेरिकी राज्यांनी निळ्या कापडाच्या मधोमध राज्याची मुद्रा छापून काम उरकलेलं असताना हा झेंडा कितीही लांबून ओळखू येतो. २००१ साली नॉर्थ अमेरिकन व्हेक्सिलॉलॉजिकल असोसिएशन या ध्वज-अभ्यासकांच्या संघटनेने अमेरिका आणि कॅनडातल्या राज्यांच्या, प्रांतांच्या आणि प्रदेशांच्या ७२ झेंड्यांवर मतं मागवली, तेव्हा मेरीलँड चौथा आला. पहिल्या क्रमांकावर न्यू मेक्सिको होता, आणि तो झेंडा मेरीलँडच्या अगदी उलट, म्हणजे सुटसुटीत आहे.

मेरीलँडच्या झेंड्यावर एकही अक्षर, प्राणी किंवा तारा नाही. चार रंग आणि दोन नक्षी, एवढंच. या नक्षी म्हणजे दोन इंग्लिश घराण्यांची कुलचिन्हं आहेत, आणि त्या कशा वाचायच्या हे एकदा कळलं की गिचमिड संपते.

वडिलांकडची नक्षी, आजोळची नक्षी

जॉर्ज कॅल्व्हर्ट हा इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या दरबारातला बडा सचिव. १६२५ मध्ये त्याने आपण कॅथलिक असल्याचं उघड केलं आणि पद सोडलं. राजाने त्याला बॅरन बाल्टिमोर ही पदवी दिली. अमेरिकेत वसाहत वसवायची सनद मिळावी म्हणून तो खटपट करत राहिला, पण एप्रिल १६३२ मध्ये वारला. दोनच महिन्यांनी, २० जून १६३२ रोजी, पहिल्या चार्ल्सने ती सनद त्याचा मुलगा सेसिलियस याच्या नावे केली. वसाहतीला राणी हेन्रिएटा मारियाचं नाव मिळालं, आणि २५ मार्च १६३४ रोजी ‘आर्क’ व ‘डव्ह’ या दोन जहाजांतून आलेले लोक सेंट क्लेमेंट बेटावर उतरले.

ही वसाहत एका घराण्याच्या मालकीची होती. जमीन, न्यायालयं, नेमणुका, सगळं लॉर्ड बाल्टिमोरच्या नावाने चालायचं. त्यामुळे मालकाचं कुलचिन्ह तेच सरकारी चिन्ह झालं.

कॅल्व्हर्ट घराण्याचं चिन्ह काळं-सोनेरी. मग लाल-पांढरं कुठून आलं? ते जॉर्जच्या आईकडून, अॅलिशिया क्रॉसलँडकडून. इंग्लिश पद्धतीत मुलगी वडिलांच्या कुलचिन्हाची वारस ठरली, म्हणजे तिला ते चालवणारा भाऊ नसला, तर तिच्या मुलांना दोन्ही घराण्यांची चिन्हं एका ढालीवर घेता येतात. त्यासाठी ढालीचे चार खण करतात. पहिला आणि चौथा वडिलांकडचा, दुसरा आणि तिसरा आईकडचा. मोजणी वरच्या ओळीपासून होते: वर पहिला-दुसरा, खाली तिसरा-चौथा. झेंड्यावर पहिला खण काठीजवळचा वरचा. म्हणून कॅल्व्हर्ट आणि क्रॉसलँड एकमेकांना कोनाकोनात आलेले दिसतात. झेंड्याची सगळी रचना या एका नियमातून आली आहे. डिझायनरने बसून ‘दोनदा दोनदा दाखवू या’ असं काही ठरवलेलं नाही.

ब्लेझन: चित्राआधी शब्द

कुलचिन्हांच्या शास्त्रात प्रमाण मानतात ते शब्दांतलं वर्णन. चित्र चित्रकारागणिक बदललं तरी चालतं. या वर्णनाला ब्लेझन म्हणतात. कॅल्व्हर्टांचं ब्लेझन असं आहे: ‘पेली ऑफ सिक्स, ऑर अँड सेबल, अ बेंड काउंटरचेंज्ड.’

‘पेली ऑफ सिक्स’ म्हणजे सहा उभे पट्टे. ‘ऑर अँड सेबल’ म्हणजे सोनेरी आणि काळा, याच क्रमाने आलटून-पालटून, आणि सुरुवात सोनेरीने. ‘बेंड’ म्हणजे वरच्या कोपऱ्यातून समोरच्या खालच्या कोपऱ्यात जाणारा तिरपा पट्टा. आणि ‘काउंटरचेंज्ड’ हा शब्द सगळ्यात कामाचा: तिरपा पट्टा सोनेरी पट्ट्यावरून जाताना काळा होतो, काळ्यावरून जाताना सोनेरी. म्हणजे तिरप्या पट्ट्याला स्वतःचा असा रंग नाहीच. जुन्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हची एक तिरपी पट्टी कापून मूळ फोटोवर ठेवली तर जे दिसेल, तेच इथे दिसतं.

क्रॉसलँडांचं ब्लेझन: ‘क्वार्टर्ली आर्जेंट अँड ग्यूल्स, अ क्रॉस बॉटनी काउंटरचेंज्ड.’ आर्जेंट म्हणजे चांदी, कापडावर पांढरा. ग्यूल्स म्हणजे लाल. खणाचे पुन्हा चार छोटे खण करायचे, पांढरा-लाल वर, लाल-पांढरा खाली. त्यावर ‘क्रॉस बॉटनी’, म्हणजे ज्याच्या चारही भुजांची टोकं तीन पाकळ्यांनी संपतात असा क्रूस. इथेही तोच खेळ आहे: पांढऱ्यावर क्रूस लाल, लालवर पांढरा.

उलटापालटीची ही हौस कशासाठी? कुलचिन्हांचा एक जुना नियम आहे. सोनं आणि चांदी हे ‘धातू’. लाल, काळा, निळा, हिरवा वगैरे ‘रंग’. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. पांढऱ्यावर पिवळं लांबून दिसत नाही आणि काळ्यावर लाल धूसर होतं, म्हणून हा नियम. चिन्ह काउंटरचेंज केलं की जिथे पाहाल तिथे धातूवर रंग किंवा रंगावर धातू येतो, आणि नियम आपोआप पाळला जातो. मेरीलँडचा झेंडा भरगच्च असूनही वाचता येतो त्याचं कारण हेच.

कागदावर काढून पाहा

शब्दांत गोंधळ होत असेल तर चौकटीचा कागद घ्या. झेंडा २:३ प्रमाणात, म्हणून ३६ घरं रुंद आणि २४ घरं उंच. मधोमध उभी-आडवी रेघ मारली की चार खण झाले, प्रत्येक १८ रुंद, १२ उंच. कायद्यात तिरप्या पट्ट्याची जाडी अंकांत दिलेली नाही. खालची आखणी सरावाला सोयीची आहे.

पहिल्या खणात तीन-तीन घरांचे सहा उभे पट्टे आखा. आता वरच्या कडेवर, काठीकडून तीन घरांवर एक खूण करा, आणि काठीच्या कडेवर वरून दोन घरांवर दुसरी. पहिल्या खुणेतून निघणारी रेघ खणाच्या समोरच्या कडेला वरून दहाव्या घरावर टेकते. दुसरीतून निघणारी रेघ खालच्या कडेला काठीकडून पंधराव्या घरावर टेकते. दोन्ही रेघा समांतर आहेत आणि मधला भाग म्हणजे तिरपा पट्टा. रंग भरताना एका वेळी एकच उभा पट्टा हातात घ्या. पहिला उभा पट्टा सोनेरी, त्यातला तिरपा तुकडा काळा. दुसरा काळा, त्यातला तुकडा सोनेरी. असं सहाव्यापर्यंत. तिरपा पट्टा सलग रंगवायला घेतला की हमखास चूक होते, कारण दर तीन घरांनी रंग बदलायचा हे हात विसरतो.

या आखणीत कॅल्व्हर्टच्या एका खणात १६ तुकडे होतात, दोन खणांत ३२. झेंडा छापला तर काहीच अडत नाही. शिवायचा असेल तर खरी मेहनत कोपऱ्यांची आहे. शेजारशेजारचे दोन काळे तुकडे एकमेकांना फक्त टोकाला टेकतात, बुद्धिबळाच्या पटावरच्या काळ्या घरांसारखे. शिवण दोन मिलिमीटर सरकली की दोन काळे तुकडे चिकटतात किंवा त्यांच्यात पिवळी फट दिसते, आणि तिरपा पट्टा पायऱ्या पडल्यासारखा दिसू लागतो.

क्रूसाचा खण वरवर सोपा वाटतो. अडचण पाकळ्यांची आहे. वरच्या भुजेचं टोक जवळून पाहा: डावी पाकळी पांढऱ्या छोट्या खणात येते म्हणून ती लाल, उजवी लाल खणात येते म्हणून पांढरी, आणि मधली पाकळी बरोबर अर्धी लाल, अर्धी पांढरी. क्रूसाचा देठही असाच मधोमध चिरलेला असतो. (हे समोरून पाहताना. झेंड्याच्या मागच्या बाजूने डावं-उजवं बदलतं.) क्रूस आधी एका रंगात भरून मग ‘दुरुस्त’ करणाऱ्यांची मधली पाकळी हटकून चुकते. कायद्यात शब्द ‘ग्रीक क्रॉस’ असा आहे, म्हणजे चारही भुजा सारख्या. खण आडवा असल्यामुळे काही छपाईंत आडव्या भुजा ताणलेल्या दिसतात.

आणखी एक बारीक गोष्ट. कोणताही झेंडा वाऱ्याने फडफडून मोकळ्या कडेला उसवतो आणि लोक ती कड कापून पुन्हा दुमडतात. साध्या निळ्या झेंड्यावर दोन इंच गेले तर कळत नाही. इथे मोकळ्या कडेला खालच्या बाजूला कॅल्व्हर्टचा सहावा पट्टा असतो. तो पाचव्यापेक्षा अरुंद झाला की लगेच नजरेत भरतो.

उलटा लागला आहे हे कसं ओळखायचं

हा झेंडा उलटा लावला जाणं अगदी सोपं आहे, आणि त्याला भूमितीचं कारण आहे. झेंडा अर्धा फेरा फिरवा. क्रॉसलँडचे दोन खण एकमेकांच्या जागी जातात, पण पांढरा-लाल/लाल-पांढरा हा पट अर्धा फेरा फिरवला तरी तसाच राहतो आणि क्रूसही तसाच. म्हणजे लाल-पांढऱ्या खणांकडे पाहून काहीच कळत नाही. कॅल्व्हर्टचे खणही जागा बदलतात, आणि तिरपा पट्टा त्याच दिशेने जातो. बदल एकच होतो: पट्टे सोनेरीने सुरू व्हायचे ते काळ्याने सुरू होतात, म्हणून त्या खणात जिथे सोनेरी होतं तिथे काळं येतं आणि काळं होतं तिथे सोनेरी. वाऱ्यावर हलणाऱ्या कापडात हा फरक कोणाच्या लक्षात येणार?

यावर एकच कसोटी पुरते आणि ती कायद्यातही आहे: काठीच्या वरच्या टोकाशी तिरप्या पट्ट्याचा काळा तुकडा आला पाहिजे. पहिला उभा पट्टा सोनेरी, म्हणून कोपऱ्यातला तिरपा तुकडा काळा. तिथे पिवळा दिसला तर झेंडा उलटा आहे. ‘डावीकडे वर काळा’ असं मात्र पाठ करू नका. मागच्या बाजूने पाहताना काठी उजवीकडे येते आणि काळा कोपराही उजवीकडे जातो, आणि तरी झेंडा बरोबरच असतो. खूण काठीशी बांधलेली आहे.

दोन रंगजोड्या, दोन बाजू

एवढं जुनं चिन्ह असूनही हा झेंडा वसाहतीच्या काळातला नाही. त्या काळी मेरीलँडशी जोडलेले होते ते फक्त कॅल्व्हर्टांचे काळे-सोनेरी रंग. चारही खण होते ते वसाहतीच्या मुद्रेवर. पहिली मुद्रा १६४५ च्या सुमारास रिचर्ड इंगलच्या बंडाळीत गहाळ झाली, आणि १६४८ मध्ये सेसिलियसने तिच्यासारखी दुसरी पाठवली. स्वातंत्र्यानंतर मालक घराण्याचं चिन्ह कोणाला नको होतं. १७९४ मध्ये मुद्रा बदलली. १८५४ मध्ये कॅल्व्हर्टांचं चिन्ह परत आणलं, पण त्याची नक्कल चुकीची निघाली, आणि १८७६ मध्ये विधिमंडळाने १६४८ च्या वर्णनाबरहुकूम मुद्रा करायचा ठराव केला. पुढे झेंड्याच्या कायद्याने याच मुद्रेकडे बोट दाखवलं आहे.

मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं: गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिणेतली राज्यं संघराज्यातून फुटली आणि संघराज्याशी लढली. मेरीलँडमध्ये गुलामगिरी कायदेशीर होती, तरी राज्य संघराज्यातून फुटलं नाही. लोक मात्र फुटले. १९ एप्रिल १८६१ रोजी बाल्टिमोरच्या रस्त्यावर जमावाने मॅसॅच्युसेट्सच्या पलटणीवर हल्ला केला आणि रक्त सांडलं. काळं-सोनेरी हे संघराज्यात राहिलेल्या राज्याचे रंग झाले. दक्षिणेच्या बाजूच्यांनी मग क्रॉसलँडांचे लाल-पांढरे उचलले. मोजे, गळपट्टे, मुलांचे कपडे, सगळीकडे ही जोडी झळकू लागली आणि ‘फुटीरांचे रंग’ म्हणून ओळखली गेली. ते मिरवणाऱ्यांवर संघराज्याच्या अधिकाऱ्यांनी खटले भरले. दक्षिणेच्या फौजेत गेलेले मेरीलँडचे सैनिक क्रॉस बॉटनीच्या आकाराची पिन गणवेशावर लावत. जॉर्ज कॅल्व्हर्टच्या आईचं कुलचिन्ह सव्वादोनशे वर्षांनी असं वापरात येईल हे कोणाच्या स्वप्नातही नसेल.

जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या कल्प्स हिल या टेकडीवर मेरीलँडच्याच दोन बाजूंच्या पलटणी एकमेकांवर गोळ्या झाडत होत्या.

युद्ध संपल्यावर पंधरा वर्षांनी, ११ ऑक्टोबर १८८० रोजी, बाल्टिमोर शहराच्या दीडशेव्या वर्षाच्या मिरवणुकीत दोन्ही जोड्या एकत्र असलेला झेंडा फडकला. २५ ऑक्टोबर १८८८ रोजी तो गेटिसबर्गला होता, मेरीलँडच्या संघराज्याकडून लढलेल्या पलटणींच्या स्मारकांच्या अनावरणाला. पुढच्या वर्षी मेरीलँड नॅशनल गार्डच्या पाचव्या पलटणीने तो आपला ध्वज म्हणून घेतला. या पलटणीत दक्षिणेकडून लढलेलेही पुष्कळ होते. म्हणजे सरकारने ठरवायच्या आधीच झेंडा रुळला होता. ९ मार्च १९०४ च्या कायद्याने त्यावर फक्त शिक्का मारला.

इथे बहुतेक लेख ‘आणि दोन्ही बाजू एक झाल्या’ म्हणून थांबतात. त्यात तथ्य आहे, पण समेट झाला तो गोऱ्या सैनिकांच्या दोन गटांत. मेरीलँडमध्ये गुलामगिरी संपली १ नोव्हेंबर १८६४ रोजी, नव्या राज्यघटनेने. आणि १९०४ च्या ज्या विधिमंडळाने झेंडा मंजूर केला, त्यानेच रेल्वे आणि आगबोटींत काळ्या प्रवाशांना वेगळं बसवणारा कायदा केला, शिवाय त्यांचा मताधिकार काढून घेणारी घटनादुरुस्ती मतदारांपुढे ठेवली. मतदारांनी ती १९०५ मध्ये फेटाळली. झेंड्यावरच्या चार रंगांत हा हिशेब कुठेच नाही.

यादवीच्या काळातली दुसरी एक आठवण राज्याने अलीकडे टाकून दिली. १८६१ मध्ये दक्षिणेच्या बाजूने लिहिलेलं आणि लिंकनला जुलमी म्हणणारं गाणं १९३९ पासून राज्यगीत होतं, ते २०२१ मध्ये रद्द झालं. झेंड्यातले लाल-पांढरे खण राहिले. शब्दांचा अर्थ पुसता येत नाही, रंगांवर मात्र नवे अर्थ चढत जातात, असं मला त्याचं कारण वाटतं. आज मेरीलँड विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या हेल्मेटवर, गाड्यांच्या मागच्या काचेवर, खेकड्याच्या चित्रात भरलेला हा झेंडा दिसतो, आणि तो मिरवणाऱ्या बहुतेकांच्या लेखी लाल-पांढऱ्याला बाजू उरलेली नाही.

काठीच्या टोकाबद्दल मात्र कायदा काटेकोर आहे. बाजारात ध्वजदंडाच्या टोकाला बसवायला गरुड किंवा भाल्याचं पातं तयार मिळतं. १९४५ च्या दुरुस्तीनुसार मेरीलँडच्या झेंड्याच्या काठीवर शोभेचं टोक लावायचंच असेल तर ते सोनेरी क्रॉस बॉटनीचंच हवं, म्हणजे दक्षिणेच्या सैनिकांच्या गणवेशावर होता तो आकार, कॅल्व्हर्टांच्या सोनेरी रंगात. टोक बसवून झालं की त्याच्या लगेच खाली कापडाचा कोपरा पाहायचा: तिथे काळा तुकडा हवा.